आतली कडी

दार वाजवल्यापासून ते उघडेपर्यंत जो वेळ जातो, त्यात मी बरंच काही ऐकते. टीव्हीचा आवाज एकदम खाली येतो. कुणीतरी कुणाला दबक्या आवाजात दटावतं. घाईघाईने काहीतरी उचललं जातं, कपाटाचं दार लागतं. मूल रडत असेल तर मध्येच गप्प होतं, आणि असं मध्येच गप्प झालेलं मूल मला रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीत टाकतं. मग पावलं दारापाशी येतात, क्षणभर थांबतात आणि आतली कडी निघते.

गेली अठरा वर्षं मी अशा दारांबाहेर उभी राहते आहे. ज्या घरातलं मूल धोक्यात आहे असं शाळेला, दवाखान्याला, शेजाऱ्यांना किंवा कोर्टाला वाटतं, त्या घरी जायचं आणि काही आठवडे, कधी काही महिने, त्या माणसांबरोबर त्यांच्याच जागेत बसून काम करायचं. मूल घरातच राहावं आणि सुरक्षित राहावं, अशी दुहेरी धडपड असते. दोन्ही एकदम साधत नाही असे दिवसही येतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिणार आहे, कारण ते टाळून या कामाबद्दल काहीही लिहिणं मला खोटं वाटतं.

ज्या घराबद्दल आज मुख्यतः सांगायचं आहे, तिथे पहिल्या दिवशी कडीचा आवाज आलाच नाही. काहीतरी जड वस्तू फरशीवरून ओढल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. (त्या माणसांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. जे घडलं ते मात्र असंच घडलं.)

आई तिशीची. कडेवर दीड वर्षाचं बाळ, मागे सहा वर्षांचा मुलगा, आणि आतल्या खोलीच्या दारात नऊ वर्षांची थोरली. "या मॅडम," ती म्हणाली. कोण आहे हे विचारलंसुद्धा नव्हतं. माझ्या हातातल्या फाइलवर तिच्याबद्दल तीन ओळी होत्या. रागीट आहे, मुलाला मारते, बोलावूनही कार्यालयात येत नाही. कडेवर बाळ घेऊन, कामाची पाळी बुडवून, अनोळखी खोलीत अनोळखी माणसासमोर आपले दोष ऐकायला कोण येईल, असा प्रश्न त्या ओळी लिहिणाऱ्याला पडला नव्हता. मी त्याला दोष देत नाही. टेबलामागे बसून तेवढंच दिसतं.

कुणाच्याही घरी गेले की मी आधी विचारते, "कुठे बसू?" प्रत्येक घरात कुणाची तरी ठरलेली जागा असते, आणि परक्या माणसाने तिच्यावर बसकण मारली की पुढचं सगळं बिघडतं. तिने दाराजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं. मी त्याच्या कडेला स्टूल ओढून बसले आणि खाली पाहिलं, तर फरशीवर दोन पांढरे चरे होते. टेबलाच्या पायांपासून थेट दारापर्यंत गेलेले, एकावर एक ओढून खोल झालेले.

"हे टेबल रोज सरकवता?" मी विचारलं.

बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने तयार ठेवली होती. शाळेत काय झालं, मुलाच्या मांडीवर वळ कसे आले, नवरा कुठे असतो. या प्रश्नाचं उत्तर तिने तयार ठेवलेलं नव्हतं. ती खाली बसली आणि मग सांगू लागली.

नवरा दोन महिन्यांपूर्वी घर सोडून गेला होता. पण मनाला येईल तेव्हा रात्री यायचा. अशाच एका रात्री त्याने दाराला धक्का दिला आणि कडीचा कोयंडा चौकटीतून उपटून निघाला. तेव्हापासून ती रोज रात्री टेबल दाराला लावायची आणि त्याला पाठ टेकून बसायची. पहाटे कधीतरी डोळा लागायचा. तास-दीड तासात उठावं तर मुलाने अंथरूण ओलं केलेलं असायचं. "मग हात आवरत नाही, मॅडम." हे सांगताना ती मुलाकडे बघत नव्हती.

मी उठून ती जागा नीट पाहिली. जागा अरुंद. टेबल दाराला लावलं की शेजारचं बाथरूमचं दार अर्धंच उघडायचं. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला रात्री लघवीला जायचं तर अंधारात आईच्या पायांवरून जाऊन त्या फटीतून आत शिरायला हवं, आणि ती नुकतीच झोपलेली. तो उठायचाच नाही. पडून राहायचा.

शाळेने कळवलं होतं ते खरंच होतं. वळ खरे होते, मी पाहिले. पण वळ, ओलं अंथरूण, जागरण, टेबल आणि उपटलेला कोयंडा या एकाच साखळीतल्या पाच कड्या आहेत हे त्या घरात उभं राहिल्याशिवाय कुणालाही समजलं नसतं.

याचा अर्थ मारलं ते चाललं असा मी कधीच घेत नाही. पहिल्याच दिवशी, तिने आणखी काही सांगण्याआधी, मी तिला स्पष्ट सांगितलं, "मी तुमच्या मदतीला आले आहे. पण मुलाच्या अंगावर नवा वळ दिसला तर मला तो वर कळवावा लागेल. लपवता येणार नाही. कळवण्याआधी तुम्हाला मात्र सांगेन." तिचा चेहरा बंद झाला. असं म्हटलं की चेहरे बंद होतातच. तरी हे आधी सांगायचं असतं. नंतर सांगणं म्हणजे विश्वासात घेऊन फसवणं.

मग मी विचारलं, "आधी काय व्हायला हवंय तुम्हाला?"

"कडी."

माझ्या फॉर्ममध्ये रागावर नियंत्रण होतं, पालकत्वाची कौशल्यं होती, शाळेशी संपर्क होता. कडीसाठी रकाना नव्हता.

दुसऱ्या भेटीला मी स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेले. कोयंडा शाबूत होता, पण चौकटीतली भोकं फाटून मोठी झाली होती. मी लावलेला स्क्रू नुसताच गोल फिरत राहिला. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर तिने बाळ थोरलीकडे दिलं आणि म्हणाली, "असं नाही होणार. द्या इकडे." काड्यापेटीतल्या चार-पाच काड्या घेतल्या, टोकं मोडून टाकली, डिंकात बुडवून एकेका भोकात ठोकून बसवल्या, बाहेर राहिलेला भाग चौकटीशी सपाट कापला. थोडा वेळ वाळू दिलं. मग स्क्रू फिरवला तर तो लाकूड पकडत, करकरत आत गेला. मुलगा हातात काड्यापेटी घेऊन शेजारी उभा होता आणि आईच्या हातांकडे असा पाहत होता की मला त्याच्याकडे बघणं थांबवता येईना. ते हात असं काही करू शकतात हे बहुधा त्याला त्या दिवशीच कळलं.

"कुठे शिकलात?"

"बाबा सुतार होते. मी मागे मागे फिरायचे त्यांच्या." स्क्रू फिरवता फिरवता ती बोलत होती, पाठ माझ्याकडे. "चांगले होते. हात चालायचा त्यांचाही. माझे वळ कुणी मोजले नाहीत, मॅडम."

कार्यालयात समोरासमोर बसवून हे वाक्य कुणीही तिच्याकडून काढून घेऊ शकलं नसतं. हात कामात आणि डोळे दुसरीकडे असले की माणसाला बोलणं सोपं जातं. म्हणून मी कपड्यांच्या घड्या घालता घालता, बाळाला झोपवता झोपवता, जिना उतरता उतरता बोलते. बाहेरच्या माणसाला वाटेल ही बाई नुसती गप्पा मारते. माझं निम्मं समुपदेशन अशा गप्पांमध्येच होतं.

सेल्मा फ्रायबर्ग नावाच्या अमेरिकन मनोविश्लेषक आणि समाजकार्यकर्तीने 1970 च्या दशकात मिशिगनमध्ये तान्ह्या बाळांच्या घरी जाऊन काम केलं. दोन सहकाऱ्यांबरोबर तिने 1975 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात साडेपाच महिन्यांच्या एका मुलीची हकीकत आहे. बाळ घसा फुटेस्तोवर रडतं आहे आणि त्याला धरून बसलेली आई, जणू काही ऐकूच येत नाही अशी, दुसरीकडे बघते आहे. त्या आईला कठोर म्हणून मोकळं होणं सोपं होतं. फ्रायबर्ग आणि तिच्या सहकाऱ्यांनी विचारलं की या आईला रडणं ऐकू का येत नाही? उत्तर असं सापडलं की तिचं स्वतःचं लहानपणीचं रडणं कुणी कधी ऐकलंच नव्हतं. मग कार्यकर्ती तिच्या घरी जात राहिली आणि तिचं ऐकत राहिली. आई आपल्या जुन्या दुःखासाठी रडू लागली, आणि मग तिने बाळाला जवळ ओढून घेतलं. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. "माझे वळ कुणी मोजले नाहीत" हे ऐकल्यावर मला तो निबंध आठवला, आणि पुढच्या चार भेटी मी मुलाच्या वळांबद्दल कमी आणि तिच्या वळांबद्दल जास्त विचारलं. सुपरवायझरला ते पटवून द्यावं लागलं. तिने एकच अट घातली की प्रत्येक भेटीत मुलाला बघायचं. अट बरोबर होती.

घरी जाऊन मदत करायची ही कल्पना तशी नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या दानसंस्था गरिबांच्या घरी 'मैत्रीपूर्ण भेटी' देणारी माणसं पाठवत. बाल्टिमोरमध्ये अशा संस्थेत काम करणाऱ्या मेरी रिचमंडने 1899 मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. 'भीक नव्हे, मैत्री' अशा अर्थाचं घोषवाक्य तेव्हा चालत असे. पण ही मैत्रीण येताना हातात वही घेऊन यायची. कुटुंब मदतीला पात्र आहे का, घर स्वच्छ आहे का, पुरुष पितो का, हे तिला लिहून न्यायचं असे. ती वही आजही आमच्या हातात आहे, नाव बदललं आहे इतकंच. आम्ही पाहुणे म्हणून आत जातो आणि पहारेकरी म्हणूनही. समोरच्या बाईला हे पहिल्या मिनिटात कळलेलं असतं. आपणच ते विसरतो आणि मग तिचं बोलणं तुटक का आहे याचं नवल करतो.

आज ज्या पद्धतीने मी काम करते तिचं मूळ वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात 1974 मध्ये सुरू झालेल्या 'होमबिल्डर्स' या उपक्रमात आहे. मूल घरातून काढून नेण्याची वेळ आली आहे अशा कुटुंबांकडे एक कार्यकर्ता जाणार. त्याच्याकडे एका वेळी जेमतेम दोन कुटुंबं. मुदत साधारण चार ते सहा आठवडे. रात्री-बेरात्री कधीही फोन केला तरी तो हजर. आणि मनाच्या गोष्टींबरोबर घरातली अडलेली कामंही त्यानेच हाताशी घ्यायची. हे शेवटचं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आधी मन, मग नळ, अशी वाटणी कुठल्याच घरात नसते. गळका नळ रात्रभर ठिबकत असला की त्याने मनही कुरतडलं जातं. दोन कुटुंबांची मर्यादा मात्र मी कधी अनुभवली नाही. माझ्याकडे एका वेळी अकरा घरं होती तेव्हा मी प्रत्येक घरी थोडी थोडी गैरहजर असायचे.

कडी बसली त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'ताई' झाले. मुलाचं अंथरूण लगेच कोरडं राहू लागलं नाही, अधूनमधून ओलं व्हायचंच. पण टेबल भिंतीशी गेलं, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू राहू लागला, आणि आई अंथरुणावर आडवी होऊन झोपू लागली. झोपलेली आई सकाळी वेगळी असते. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी मुद्दाम शाळेच्या वेळेआधी गेले. ओली चादर बादलीत होती. ती चिडलेली दिसत होती, ओठ घट्ट मिटलेले. तिने मुलाला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं, पाणी काढून दिलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे मिटून. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दहापर्यंत मोजत होते." मी म्हटलं, "मी पाहिलं." तेवढंच. अशा वेळी 'छान, शाब्बास' म्हणणं मला जमत नाही. मोठ्या माणसाला शाब्बासकी दिली की आपण वर बसतो. पाहिलं असं सांगितलं की पुरतं.

थोरलीबद्दल मात्र मी बराच काळ गाफील होते. ती शहाणी मुलगी होती. बाळाला सांभाळायची, विचारलं तेवढंच बोलायची. अशी शहाणी मुलं फाइलमध्ये दिसतच नाहीत. शाळेच्या कागदात तिच्यापुढे एवढंच होतं की वर्गात पेंगते, लक्ष नसतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. या कामात येऊन मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा दुसऱ्या एका घरातली अकरा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "कुणाला सांगणार नसशील तर एक सांगते." मी म्हटलं, "नाही सांगणार." मुलांच्या खेळातली अळीमिळी गुपचिळी असावी इतक्या सहज मी ते वचन देऊन टाकलं. तिने जे सांगितलं ते त्याच संध्याकाळी वर कळवावंच लागलं. न कळवते तर तिच्या अंगावर आणखी एक रात्र गेली असती. तिला सुरक्षित जागी नेलं, ते योग्यच झालं. पण पुढच्या वेळी मी भेटायला गेले तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मी निघेपर्यंत वळली नाही. पुन्हा ती माझ्याशी कधीच बोलली नाही. पहिल्यांदा विश्वास टाकला ते माणूस दिलेला शब्द मोडतं, हा धडा तिला मी शिकवला. त्याची भरपाई मला करता आली नाही.

तेव्हापासून मुलांना मी आधीच सांगते, "काही गोष्टी मी माझ्यापाशीच ठेवीन. पण तुला किंवा आणखी कुणाला दुखापत होत असेल तर ती मी एकटी सांभाळू शकत नाही. मग मला सांगावं लागेल. कुणाला सांगते आहे ते मात्र आधी तुला सांगेन." नऊ वर्षांच्या थोरलीने हे ऐकलं, विचार केला आणि म्हणाली, "मग नंतर सांगते." मी थांबले. तीन आठवडे लागले. आम्ही एका कागदावर तिच्या घराचा नकाशा काढत होतो. मध्ये घराचा गोल आणि बाहेर शाळा, शेजारी, मावशी, दवाखाना असे छोटे गोल. कुठे घट्ट नातं तर जाड रेघ, कुठे ताण तर नागमोडी. ॲन हार्टमन या समाजकार्याच्या प्राध्यापिकेने ही पद्धत 1975 मध्ये आणली. मुलं ती खेळासारखी काढतात आणि तोंडाने न सांगितलेलं रेघेने सांगतात. थोरलीने बाहेर एक गोल काढला आणि त्यात लिहिलं, 'जिना'.

"जिना का गं?"

"जिन्यावरचे पाय मला ओळखू येतात. पपांचे वेगळे वाजतात. आई झोपली की मी जागते."

कडी बसल्यानंतर आई झोपू लागली होती. पहाऱ्याची पाळी मुलीने घेतली होती. आई नीट झोपते आहे याचा मला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी आतल्या खोलीत नऊ वर्षांचं पोर डोळे उघडे ठेवून पायऱ्या मोजत होतं.

हे ऐकल्यावर कामाची दिशा बदलावी लागली. घरात हिंसा चालू असताना आई-मुलांच्या नात्यावर कितीही मेहनत घेतली तरी ती वाळूवर रेघ ओढल्यासारखी होते. याला फार चांगला पुरावा आहे. डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावी 1970 च्या दशकाच्या अखेरीस 400 गरोदर स्त्रियांवर प्रयोग सुरू केला. त्यांतल्या काही घरी परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नियमाने जात राहिल्या. 15 वर्षांनी पाहिलं तर त्या घरांमध्ये मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी जवळपास निम्म्याने कमी निघाल्या. या क्षेत्रातल्या प्रत्येकाला हा निष्कर्ष तोंडपाठ असतो. पण त्याच कुटुंबांचा 2000 मध्ये छापून आलेला दुसरा अभ्यास फार कमी जण सांगतात. घरात नवराबायकोतली हिंसा जिथे जास्त होती, तिथे परिचारिकेच्या भेटींचा हा फायदा ओसरत जाऊन नाहीसा झाला होता. बाई तीच, तळमळ तीच, पण रात्री दारावर धडका बसत असतील तर दिवसाच्या भेटीचं बळ पुरत नाही.

वरून आलेल्या कागदात 'पती-पत्नींचं एकत्र समुपदेशन करावं' असं लिहिलेलं होतं. मी नकार कळवला. मारणारा आणि मार खाणारी यांना एका खोलीत बसवून 'मनातलं बोला' म्हणायचं, आणि बोललेल्याचा हिशेब तिने रात्री चुकवायचा, हे मी करणार नाही. त्याला मी वेगळी भेटले, दुसऱ्या ठिकाणी. तो रडला. मुलांची आठवण येते म्हणाला, आणि ते खरं असावं. दार का फोडलंस या प्रश्नावर मात्र तो तिच्या चुका मोजू लागला. त्याला व्यसनमुक्तीसाठी आणि हिंसा करणाऱ्या पुरुषांबरोबर काम करणाऱ्या गटाकडे पाठवलं. तो दोनदा गेला.

तिच्याबरोबर बसून आम्ही वेगळंच काम केलं. मनाई हुकुमासाठी अर्ज. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती शेजारच्या काकूंकडे. फोनवर म्हणायचं एक साधं वाक्य, जे ऐकलं की काकूंनी पोलिसांना फोन करायचा. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे हाताशी सुऱ्या असतात. बाई वेगळी झाली की धोका टळतो असं लोकांना वाटतं. उलट वेगळं होण्याच्या सुमारासच तो सगळ्यात जास्त असतो. आणि थोरलीला तिच्या आईनेच, माझ्यासमोर, जवळ घेऊन सांगितलं, "जिन्यावरचे पाय ऐकायचं काम आता माझं. तुझं काम झोपायचं. आवाज झालाच तर भावांना घेऊन काकूंकडे जायचं, मध्ये पडायचं नाही." मुलीने विचारलं, "आणि तू?" आई म्हणाली, "मी कडी लावून फोन करीन." कडी त्याला कायमची अडवणार नव्हती. फोन करायला लागणारी दोन-तीन मिनिटं ती देणार होती.

सगळी घरं अशी सावरत नाहीत. एका घरी आई-वडील दोघंही नशेच्या आहारी गेलेले आणि आठ महिन्यांचं बाळ. मी दर मंगळवारी अकरा वाजता जायचे. घर झाडलेलं, बाळ न्हाऊन झोपलेलं, दोघं नम्रपणे बोलणारी. मी फाइलमध्ये 'चांगली प्रगती' लिहीत गेले. ते मला आवडायचे आणि मला त्यांना यश यायला हवं होतं. एका शनिवारी माझी सहकारी न कळवता गेली. दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं, बाळ एकटं होतं, आणि बराच वेळ तसंच असावं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दर मंगळवारी मी ती मूठ बाहेरून पाहून येत होते.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात म्हटलं होतं की चांगल्या संस्थेपेक्षा वाईट घरातसुद्धा मुलं बरी वाढतात. त्या विचाराने लाखो मुलांना संस्थांच्या भिंतींपासून वाचवलं असेल. 2009 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट म्हटलं आहे की निव्वळ गरिबीमुळे मूल आई-वडिलांपासून काढू नये. दोन्ही मला मनापासून मान्य आहे. पण त्या शनिवारनंतर बोल्बीचं ते म्हणणं मी स्वतःच्या सोयीसाठी वापरत नाही ना, हे मी प्रत्येक घरात तपासते. बाळ कोर्टाच्या आदेशाने आजीकडे गेलं. अहवाल मीच लिहिला. निघताना त्या बाईने मला दारात अडवलं आणि म्हणाली, "तुम्ही तर आमच्या होतात." आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ती आधीपासून पाहुणीशीच बोलत होती. पहारेकरी तिला त्या दिवशी पहिल्यांदा भेटली, आणि तो दोष माझा होता. मी ती वही तिच्यासमोर कधी उघडलीच नव्हती.

अशा सेवांमुळे मुलं घराबाहेर काढण्याचं प्रमाण खरंच घटतं का, हेही तपासलं गेलं आहे. इलिनॉय राज्यातल्या मोठ्या अभ्यासात, 1994 मध्ये तो प्रसिद्ध झाला, फरक आढळला नाही. त्याचं एक मोठं कारण असं की निवडलेल्या कुटुंबांपैकी बहुतेकांची मुलं सेवा नसती तरीही काढून नेली गेली नसती. निवडच चुकलेली होती. ते वाचून मी खचले होते. आता वाटतं, मूल घरात राहिलं की गेलं एवढंच मोजलं तर थोरली रात्री झोपते की जागते हे कुठल्याच आकड्यात येत नाही. ते मोजायला कुणालातरी जिन्यापर्यंत जावं लागतं.

त्या घरची माझी मुदत संपत आली होती. एका सोमवारी, ठरलेल्या वेळी, मी तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि दार वाजवलं.

"कोण?" आतून विचारलं गेलं. सुरुवातीला ती कोण न विचारता दार उघडायची, मला, मालकाला, वसुलीवाल्याला, कुणालाही.

"मी, ताई."

थोडा वेळ गेला. मग दारापलीकडून ती म्हणाली, "ताई, आज नको. आज आम्ही चौघंच आहोत आणि मला बसायचंय पोरांजवळ. गुरुवारी या ना."

मी उभी राहिले. आमच्या कागदांत याला असहकार म्हणतात, आणि त्या शनिवारनंतर बंद दारावरून मी सहज परत फिरत नाही. कान दिले. आत टीव्ही नव्हता. बाळ काहीतरी आपटत होतं, लयीत. मुलगा हट्टाने कशाचा तरी आकडा मोजत होता आणि चुकत होता, थोरली त्याला दुरुस्त करत होती. कुणीही मध्येच गप्प झालं नाही.

"थोरलीला एकदा हाक मारू?" मी विचारलं.

"मारा की."

मी हाक मारली. ती दारापाशी आली. "काय ताई?"

"काल झोपलीस?"

"हो." आणि मग, जरा थांबून, "मधे एकदा उठले. पण पाणी प्यायला."

जिना उतरून खाली आले आणि सुपरवायझरला फोन केला. तिने विचारलं, "मुलं दिसली?" मी म्हटलं, "दिसली नाहीत. ऐकली." ती थोडा वेळ काही बोलली नाही. "लिहिणार काय आहेस?" "जे झालं ते. गुरुवारी सकाळी शाळेच्या आधी जाते, तिघांनाही बघते."

गुरुवारी गेले. जिन्यावर माझ्या पावलांचा आवाज येतच होता, तरी दार वाजवलं आणि कोण म्हणून विचारेपर्यंत थांबले.